उतारावरची साफसफाई

माझ्या मामाला डाग म्हणून बघवत नसे. चाळीस वर्षं त्याने एका अरुंद गल्लीत फोटो स्टुडिओ चालवला. गिऱ्हाइकाच्या पुटकुळ्या, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं तो बारीक ब्रशने अशी उडवायचा, की ओळखपत्र दाखवलं तर माणूसच खोटा वाटावा. आम्ही त्याला खूप चिडवायचो. तो हसायचा आणि ब्रश चालूच ठेवायचा.

उन्हाळ्यात मात्र स्टुडिओला आठवडाभर कुलूप. कॅमेरा आणि स्टँड खांद्यावर टाकून मामा डोंगर चढायचा. तिथल्या उतारावर, एका सपाट खडकापुढे, रानडेझी फुलत. फोटो असायचा माझ्या आईसाठी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीसाठी. लहानपणी दोघं त्या फुलांत लोळायची. कंबरेचं हाड मोडून आई खुर्चीला खिळली, त्याला बावीस वर्षं झाली. दर वर्षीचा फोटो ती खाटेसमोरच्या भिंतीवर लावायची. "जागा अगदी आहे तशीच आहे रे," म्हणायची.

तशी ती नव्हती. फोटोआधी मामा गुडघ्यांवर बसून समोरची सगळी सुकलेली फुलं खुडून पिशवीत भरायचा. बी त्यातच असतं, हे काय त्याला माहीत नव्हतं? पण फोटो चांगला यायला हवा ना! काही वर्षांनी त्या खडकापुढची डेझी विरळ झाली, गवत माजलं. मामाने शेळ्यांच्या नावावर बिल फाडलं, स्टँड पाच पावलं सरकवला आणि तिथेही साफसफाई केली. शेवटी शेवटी तो फुलांच्या इतक्या जवळ जाऊन फोटो घ्यायचा, की आजूबाजूचं काही दिसूच नये.

गेल्या उन्हाळ्यात आईने हट्ट धरला. "फोटो पुरे झाले. आता मला ने."

"ताई, ऊन किती आहे. रस्ता खराब. डॉक्टर काय म्हणतील?"

"डॉक्टरांना विचारलंय मी. तुझं काय ते बोल."

गाडी जाईल तिथवर गाडीने गेलो, पुढे मामाने आणि माझ्या नवऱ्याने आईला खुर्चीसकट उचललं. मामा सत्तरीला टेकलेला, धापा टाकत होता, पण मला हात लावू देईना; मी नुसता त्याचा कॅमेरा घेतला.

खडकापाशी खुर्ची टेकवली. समोर नुसतं गवत. आई इकडे बघे, तिकडे बघे.

"हीच का रे जागा?"

"हीच." मामा खालीच बसला. "मीच खुडली, ताई. सुकलेली. फोटोत वाईट दिसायची म्हणून. दर वर्षी."

मला त्याचा संताप आला, आणि स्वतःचाही. अलीकडच्या फोटोंत आकाश का नाही, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आई मात्र चिडली नाही.

"मला विचारायचंस तरी," ती म्हणाली. "मला सुकलेलीही चालली असती."

वर, कड्याच्या कडेला, डेझीचा पांढरा पट्टा दिसत होता. तिथे खुर्ची जाण्यासारखी नव्हती.

"पाठीवर घेतो तुला," मामा म्हणाला.

"वेडा आहेस का? दोघंही गडगडत खाली येऊ."

आई बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने डोळे पुसले.

"जा," ती म्हणाली, "फोटो काढून आण."