झाकण कुणाचं?

इंडोनेशियातल्या आमच्या बांडुंगच्या बँडमधला गिटारवाला यायान दिवसभर टायरची पंक्चर काढायचा. गिटारचा आवाज फाडणारं डिस्टॉर्शन पेडल त्यानं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात स्वतःच जुळवलं होतं. बरं चाललं होतं की! पण नाही, साहेबांना ते आणखी गुरगुरायला हवं होतं.

त्यानं डबा उघडून एक कपॅसिटर बदलला आणि तार छेडली. गुरगुर राहिली बाजूला, स्पीकरमधून रेडिओवरची कुणी बाई दांगदुत, आमच्याकडची ठेक्यावरची नाचगाणी, गायला लागली. त्यानं डायोड बदलले, प्रत्येक जोडाला पुन्हा डाग दिला, शेवटी वैतागून जुना कपॅसिटरही परत लावला. बाई आपली गातेच आहे!

"हिच्या आयला!" यायाननं पक्कड भिरकावली.

तेवढ्यात त्याची आई, आमची सगळ्यांची अंबू, तसाच बिस्किटाचा डबा भरून खायला घेऊन आली. आमच्याकडे बिस्किटाच्या डब्यात बिस्किटं कधीच नसतात, भाताचे तळलेले सांडगे असतात.

"झाकण कुठलं गं हे, अंबू?" यायाननं विचारलं.

"तुझंच. नुसतं पडलं होतं. माझं हरवलंय."

माझं डोकं आधीच फिरलं होतं. "निदान या बाईचं तोंड तरी झाक!" म्हणत मी ते झाकण हिसकावलं आणि पेडलवर दाबून बसवलं.

बाई गप्प. उघड्या डब्यातून आत शिरणारा रेडिओ पत्र्याच्या झाकणानं अडवला होता. यायाननं तार छेडली, तर अशी गुरगुर की भिंत हादरली. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

अंबूनं शांतपणे झाकण उचकटलं.

"सांडगे सादळतात, बाळा. तुझी बाई नाही सादळत."