भीमनगरच्या बाजूचं गेट

हे मी आजवर कुठंच बोलले नव्हते. माहेरी नाही, सासरी नाही, देवापुढंसुद्धा नाही. देवापुढं हात जोडले की पोरांचं मागायचे आणि उठायचे. गेल्या महिन्यातल्या पालक सभेत पहिल्यांदा तोंडातून निघालं, तेही दोन-चार वाक्यांत. तेवढ्यात कुणाला काय कळतं? म्हणून तुम्हाला सगळं सांगते. नीट सांगता येईल की नाही — बघू.

आमचं गाव जिंतूरहून येलदरीला जाणाऱ्या डांबरी रस्त्याला लागून आहे. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. माझी वैष्णवी दुसरीत होती तेव्हा पालकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. पालकांनी केलं — हेही अर्धंच खरं. त्या वर्षी अध्यक्ष बाई हवी होती, आणि आमच्या घरात बारावी शिकलेली सून होती. माझे थोरले दीर, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांनी आधीच दोघा-तिघांना सांगून ठेवलं होतं. सभेत माझं नाव पुकारलं गेलं, हात वर झाले, झालं.

पण खरं सांगू? ती खुर्ची मला आवडायला लागली. बाकीच्या गावांत बाई अध्यक्ष असली तरी बैठकीला नवराच जाऊन बसतो. मी स्वतः जायचे. खिचडी चाखून बघायचे. नळाची तोटी गळायला लागली तर हेडसरांच्या मागे लागून बदलून घ्यायचे. 'अध्यक्ष मॅडम' असं कुणी म्हटलं की पदर उगाच नीट करायचे.

समितीची बैठक तुम्ही कधी पाहिलीय का? वर्गात सतरंजी टाकलेली. एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. हेडसर सचिव, ते विषय वाचणार. कुणी फोनवर, कुणाचं लक्ष खिडकीतून बाहेर लावलेल्या मोटारसायकलीवर. सर विचारणार, "मंजूर?" आम्ही म्हणणार, "मंजूर." चहा आला की बैठक संपली. कुणी काही विचारतच नसे. एक छाया सोडून.

छाया उपाध्यक्ष होती. भीमनगरची, आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीतली. नवरा परभणीला गवंडीकाम करायचा, ही घरी मशीनवर शिवणकाम करायची. तिची प्रेरणा आणि माझी वैष्णवी एका बाकावर बसायच्या. आम्ही दोघी एका वयाच्या. तरी ती मला 'वैनी' म्हणायची, 'तुमी' म्हणायची आणि मी तिला 'छाया', 'तू'. हे मला तेव्हा कधी खटकलं नाही. तिच्या घरचा चहाही मी तोवर कधी घेतला नव्हता — दारातूनच बोलून परत यायचे, घाई आहे म्हणायचे.

त्या वर्षी शाळेला कंपाउंडची भिंत मंजूर झाली. तोवर पटांगण उघडंच होतं, पोरं चारी बाजूंनी यायची. भीमनगरची पोरं शाळेच्या मागच्या पांदीनं, रानातल्या गाडीवाटेनं यायची. घंटा ऐकून घरातून निघाली तरी प्रार्थनेला पोचायची. छाया म्हणाली, पुढं एक गेट ठेवू आणि मागं एक लहान. मी म्हणाले, "तुझं गेट झालंच समज." असं म्हणाले मी. सगळ्यांसमोर.

त्या संध्याकाळी जेवायला वाढत होते. आबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाले, "मागून गेट नको. सगळी वस्ती आपल्या रानातल्या आखाड्यावरून, गोठ्यापुढून ये-जा करंल."

मी म्हणाले, पांद तर सरकारी आहे, आखाडा बाजूला राहतो.

"तुला अध्यक्ष कुणी केलं?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि भाकरी मोडली. माझ्या नवऱ्यानं ताटातून मान वर केली नाही.

बस. मला कुणी मारलं नाही, घराबाहेर काढीन म्हणालं नाही. एक प्रश्न विचारला आणि मी गप्प झाले. रस्त्याचा मामला आहे, रानाचा मामला आहे, असं मी स्वतःला समजावलं. रानाचा कसला? त्याच पांदीनं आमच्या भावकीतली पोरं आली असती, तर आबांनी त्यांना हाका मारून हरभऱ्याचे टहाळे दिले असते. हे मला त्या संध्याकाळीही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडं नाही.

पुढच्या बैठकीत छायानं विषय काढला. घरातले नको म्हणतात, हे मी सांगू शकले असते. लाज वाटली असती, पण खरं झालं असतं. मला अध्यक्षही राहायचं होतं आणि चांगलंही राहायचं होतं. जीभ कशी वळली कोण जाणे — म्हणाले, "मागच्या गेटचं मी विचारलं. इंजिनिअर साहेब म्हणाले, भिंतीला एकच गेट मंजूर आहे."

कुठला साहेब? मी कुणालाच विचारलं नव्हतं. त्या माणसाचा चेहराही मला माहीत नव्हता. हेडसरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "साहेबच म्हणाले म्हटल्यावर विषय संपला. मंजूर?" मंजूर.

इथवर सांगितलं की गोष्ट संपायला हवी, नाही का? एक खोटं, एक भिंत. पण संपत नाही. इथून पुढचं सांगायलाच मला इतकी वर्षं जीभ रेटत नव्हती.

दोन दिवसांनी छाया आमच्या दारात आली. "वैनी, आपुन सायबाला भेटू. बाया बायाच जाऊ. समोर बसल्यावर न्हाई कसं म्हणतो बघू."

तेव्हा सांगता आलं असतं. उंबऱ्यावर आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "चल."

जिंतूरला गेलो. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. वाटेत मला शिकवत होती, काय बोलायचं, कसं बोलायचं — लहान लेकरं हायेत, रोडवर लय गाड्या हायेत, असं सांगा म्हणून. ऑफिसात बाकड्यावर तिला बसवलं. म्हणाले, "आत एकीलाच सोडतात. तू बैस." माझी पिशवी तिच्या मांडीवर दिली. आणि मी व्हरांड्यातून आत गेले, कोपऱ्यावर वळले, मागच्या दारानं बाहेर पडले. तिथं पाण्याची टाकी होती. तिच्या आडोशाला उभी राहिले.

काय केलं तिथं? काही नाही. उभी राहिले. एक शिपाई पेले विसळत होता, त्यानं विचारलं, कोण पाहिजे? मी म्हणाले, कुणी नाही. आत गेलेल्या माणसाला साधारण जेवढा वेळ लागतो तेवढा जाऊ दिला. तोंडावर पाणी मारलं. परत आले आणि म्हणाले, "नाही म्हणाले गं. ऐकायलाच तयार नाहीत."

तिचं तोंड उतरलं. पण क्षणभरच. मग तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या वैनी. तुमी बोललात तरी. आमच्यासाठी कोण बोलायलंय?" स्टँडसमोर तिनं मला उसाचा रस पाजला, तिच्या पैशानं. मी प्यायले. गोड लागला मला तो. हे सांगायला नको होतं, पण लागला.

भिंत झाली. पुढं एकच गेट. भीमनगरची पोरं आता वस्तीतून डांबरी रस्त्यावर यायची, स्टँडला वळसा घालून रस्त्याच्या कडेकडेनं शाळेत पोचायची. पावसाळ्यात चिखलानं कडच उरायची नाही, मग पहिली-दुसरीची बारकी पोरं घरीच राहायची. हेडसर म्हणायचे, वस्तीची हजेरी कमी आहे. मीही मान हलवायचे.

पुढच्या हिवाळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा धक्का लागून प्रेरणा रस्त्याकडेच्या खड्ड्यात पडली. जीव वाचला. उजवा हात कोपरात मोडला. परभणीला नेलं, प्लास्टर झालं, पण तो हात पूर्ण सरळ काही झाला नाही. मी भेटायला गेले, बिस्किटं घेऊन. त्या दिवशी पहिल्यांदा छायाच्या घरात आत जाऊन बसले, चहा घेतला. छाया पोरीच्या उशाशी बसून म्हणाली, "त्या इंजिनेराच्या लेकीचा हात मोडला असता म्हंजे कळलं असतं त्याला."

मी म्हणाले, "हो ना गं."

म्हणाले मी. पोर माझ्याकडं बघत होती.

आणि त्यानंतर काय झालं असेल? छाया माझी मैत्रीण झाली. खरीखुरी. आपल्यासाठी साहेबापुढं उभी राहिलेली एकच बाई, असं ती वस्तीत सांगायची. कधीही विषय निघाला की ती त्या साहेबाला शिव्या घालायची आणि मी साथ द्यायचे. एकदा तर मीच आधी शिवी घातली. इतकी सवय झाली होती, की कधीकधी तो साहेब मला दिसायचा — चष्मा, पुढं आलेलं पोट, मान हलवून नाही म्हणणारा.

माझी मुदत संपली. दुसरे आले, तिसरे आले. यंदा छाया अध्यक्ष झाली. तिचा धाकटा तिसरीत आहे, माझा मुलगा चौथीत. गेल्या महिन्यात पालक सभा होती, पटांगणात लिंबाखाली. खिचडीच्या शेडचं काम बघायला तालुक्याहून इंजिनिअर आली होती, तरुण मुलगी. शेडचं बोलणं झाल्यावर छायानं तिला सहज विचारलं, "मॅडम, मागून एक गेट पाडता येईल का? आधीच्या सायबानं एकच चालतं म्हणून सांगितलं होतं."

ती मुलगी म्हणाली, "असा कुठं नियम आहे? समितीनं ठराव करायचा, झालं. कोण म्हणालं तुम्हाला?"

छाया माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत संशयाचा लवलेश नव्हता. उलट तिनंच मला वाट करून दिली. "वैनी, तवाचा सायब निराळाच असंल, न्हाई का?"

नुसती मान हलवायची होती. माझ्या मागं आबांचा मुलगा बसला होता. नुसती मान, आणि गेटही झालं असतं, आमची मैत्रीही राहिली असती. सगळ्यांचं भलं झालं असतं. मग मी का बोलले? मला आजही नीट सांगता येत नाही. एवढंच वाटलं — आणखी एकदा नाही होणार माझ्याच्यानं.

"साहेब कुणी नव्हता, छायाताई," मी म्हणाले. तिला ताई मी पहिल्यांदा म्हणाले. "मी कुणाला विचारलंच नव्हतं. आमच्या घरच्यांना तिकडून गेट नको होतं. मी खोटं बोलले."

कुणाचा तरी फोन वाजला, त्यानं तो घाईनं बंद केला. छाया उभी होती. ओरडेल असं वाटलं, रडेल असं वाटलं. तिनं पदर खोचला आणि त्या मुलीला म्हणाली, "या मॅडम, कुठून पाडायचं ते दाखवते." मागं जाऊन जागा दाखवून आली आणि सभेला विचारलं, "मागचं गेट. मंजूर?" हात वर झाले. मीही केला. आबांच्या मुलानं केला नाही, पण हरकतही घेतली नाही.

सभा उठल्यावर मी नळापाशी उभी होते. ती आली.

"आन जिंतूरला गेलो तवा?"

"आत गेलेच नव्हते. मागं पाण्याच्या टाकीपाशी उभी होते."

ती म्हणाली, "मी तुमची पिशवी घेऊन बसले होते. हालले न्हाई जाग्यावरून." आणि गेली. तेव्हापासून बोललेली नाही.

घरी आबा म्हणाले, घराची अब्रू चव्हाट्यावर मांडली. नवरा अजून धड बोलत नाही. आणि मी? मला वाटलं होतं, ढसाढसा रडेन. रडू आलं नाही. भूक लागली. चुलीपुढं बसून दोन भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्या, वर कांदा. अंग टाकलं की झोप लागली. सकाळी उठले तर खांदे हलके, छाती हलकी, बाहेर चिमण्यांचा कलकलाट ऐकू येत होता — तो रोजच असणार. या हलकेपणावर माझा हक्क आहे का? नसेल. पण आहे ते आहे, आता त्यातही खोटं कशाला बोलू?

गेट बसलं. लोखंडी, निळ्या रंगाचं. भीमनगरची बारकी पोरं घंटेबरोबर धावत येतात. प्रेरणा आता आठवीत आहे, जिंतूरला बसनं जाते. तिला त्या गेटचा काही उपयोग नाही.

काल वैष्णवी माझ्याजवळ आली. शाळेत प्रेरणानं तिला काही सांगितलं होतं का, मी विचारलं नाही. ती म्हणाली, "आई, तिचा हात तुझ्यामुळं मोडला का?"

मी म्हणाले, "हो." पुढं काही जोडलं नाही.