अडीच मीटरच्या वर

माझ्या ताईचा हात जड होता. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात 'समजा' न लिहिता मी उत्तर ठोकून दिलं की पट्टी पाठीत बसलीच. दिवसभर खाणीत दगड फोडून ती दुसऱ्यांदा दहावीला बसत होती. टाकी किती वेळात भरते, बापाचं वय मुलाच्या तिप्पट कधी होतं, हे काढल्याशिवाय तिला घास जात नसे. "सगळं बरोबरीत सुटत नाही, गधड्या. कुठे कुठे जास्तच लागतं," असं म्हणून आणखी एक ठेवून द्यायची.

त्याच खाणीत मी सुरुंग पेटवायचो. एकदा डावा पाय दगडाखाली चेचला आणि जोडला तो आखूडच. तरी मुकादमाने मला पुन्हा त्याच कामावर धाडलं. प्रत्येक सुरुंगाला त्याने नेहमीसारखी दोन-दोन मीटर वात कापली. वात जपून वापरायची, माणसं फुकटची, असा त्याचा खाक्या.

ताईने खडू घेतला आणि त्याच्या खोलीच्या दारावरच मांडलं. "समजा, वात क्ष मीटर. मीटरभर जळायला शंभर सेकंद. पाच सुरुंग पेटवायला पन्नास. आडोसा दीडशे मीटर लांब, तिथवर लंगडत जायला याला दोनशे. म्हणजे शंभर क्ष हे अडीचशेपेक्षा जास्त हवं. वात अडीच मीटरच्या वर. तीन कापा."

"आजवर दोनच लागली. धडधाकट माणसाला बरोबर पुरते."

"बरोबर पुरते म्हणजे आडोशाला पोचतोय तोच बार! वाटेत ठेचकाळला तर?"

"शाळा घरी भरव," म्हणत मुकादमाने बाहीने दार पुसलं आणि तिच्या थोबाडीत दिली. ओठ फाटला. ताईने पहार उचलली आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मधे पडलो तर मलाही कोपर बसलं. मग रक्त थुंकत तिने स्वतः तीन-तीन मीटर वाती कापल्या.

पहिली वात पेटवल्यापासून मनात मोजत, पाचही पेटवून मी निघालो. दोनशे झाले, म्हणजे दोन मीटरची वात संपली असती, तेव्हा आडोसा अजून अडतीस मीटर होता. आत शिरून टेकलो, थोड्या वेळाने बार झाला आणि दगडांनी ती सगळी वाट झोडपून काढली.

न्यायाधीशांपुढे ताईने "समजा" म्हणून सुरुवात केली. ते म्हणाले, "मनगटाचं बोला." वर्षाची सजा झाली. खरं सांगतो, मला तिचाच राग आला होता. बहिणीच्या पदराआड लपलेला म्हणून खाणीत माझी टर उडत होती. मी काम सोडलं.

माझ्या जागी एक तरणाताठा गडी आला. मुकादम तोवर डाव्या हाताने वात कापायला शिकला होता. दोनच मीटर. तो गडी आडोशापासून सात पावलांवर ठेचकाळला. त्याला गोणपाटात गोळा करून नेलं.

तुरुंगात भेटीला गेलो तेव्हा मी हे सांगितलं. ताईने एवढंच विचारलं, "वात किती होती?"

"दोन."

तिने गजांवर कपाळ आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं तरी थांबेना, शेवटी दोघी पहारेकरणींनी धरून तिला मागे ओढलं.

"दोन्ही हात मोडायला हवे होते रे," ती ओरडत होती, "दोन्ही!"