पट्टी उतरवून गाणारे दिलीपराव

दिलीपरावांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात मी लिहिणार नव्हते. पण त्यांच्या बँडमधल्या तिघांचे लेख तपासायला माझ्याकडे आले आणि तिघांनीही त्यांना ‘चिरतरुण’ म्हटले आहे. हे खरे नाही. दिलीपराव ड्रम वाजवणाऱ्या बापूंच्या खांद्याचा आधार घेऊन स्टेजवर चढतात. खरे कोणीतरी लिहायला हवे, म्हणून लिहिते.

आमची ओळख भांडणातून झाली. सदाशिव पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर त्यांची तालीम चाले. मी तक्रार करायला गेले.

“अहो, हे गाणं आहे की बांधकाम?”

“रॉक आहे,” दिलीपराव नम्रपणे म्हणाले. “आपण बसा ना. खाली जास्त त्रास होतो.”

मी बसले. विशीत स्वतःच लिहिलेले गाणे ते गात होते : तिशी आली तर दार उघडणार नाही. तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती.

पुढे माझे यजमान अंथरुणाला खिळले. मी काही न सांगताच या मंडळींनी ड्रमवर गोधड्या टाकल्या. दिलीपराव खाली येऊन विचारत, “आवाज येत नाही ना?” यजमान एकदा म्हणाले, “येत नाही, म्हणून करमत नाही.” दुसऱ्या दिवसापासून दिलीपराव गिटार घेऊन त्यांच्या खाटेशी बसू लागले. शेवटपर्यंत बसले. तेव्हापासून मी तालमीला जाते.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमात तिशीच्या त्याच गाण्याच्या वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला. पुढच्या तालमीला ते म्हणाले, “हे गाणं आता बंद.”

“पट्टी उतरवू की,” बापू म्हणाले.

“मग ते माझं राहणार नाही.”

मला राहवले नाही. “चष्म्याचा नंबर बदललात, तेव्हा डोळे दुसऱ्याचे झाले का?”

बापू हसले. दिलीपराव हसले नाहीत. पट्टी चढवण्यासाठी गिटारच्या मानेवर लावलेला चिमटा त्यांनी काढला आणि ते खालच्या सुरात गायले. दार न उघडण्याची तीच ओळ. पूर्वी ती दमदाटी वाटे. आता दाराशी आलेल्याला ‘जरा थांब’ म्हटल्यासारखी वाटली. बापूंचा ठेका चुकला. कोणी टोकले नाही.

दिलीपरावांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, आणि वरचा आवाज चालू राहो. तक्रारीला मी आहेच.

नोंद : त्या दिवशी दिलीपरावांनी तो चिमटा “मागितला तरी देऊ नका” असे सांगून माझ्या हाती दिला. तो मिळाल्याची ही पोच. त्यानंतर त्यांनी तो एकदा मागितला. दिलेला नाही.