चहासंगं गिळलेल्या गोळ्या

चकलांब्याच्या साखराबाईनं जन्मभर नवऱ्याचा मार खाल्ला आणि तो मेल्यावर सुनेला मार खाताना बघितलं. लेक उत्तरेश्वर बापावरच गेला होता. ती मधे पडायची नाही. "पुरुषाचा राग, उतरंल घटकाभरात," म्हणत चुलीपुढं बसून राहायची.

सून ज्योत्स्नाला सातवा महिना लागला. तोंड पांढरंफटक, घागर उचलली की डोळ्यांपुढं अंधारी. रक्त फार कमी निघालं म्हणून दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. गोळीनं तिला मळमळायचं, म्हणून साखराबाई मायेनं दाट चहा करून द्यायची आणि समोर बसून त्याच्यासंगं गोळी गिळायला लावायची. महिन्यानं तपासलं, तर रक्त होतं तेवढंच.

उत्तरेश्वर पेटला. "गोळ्या उकिरड्यावर फेकती व्हय? माझं लेकरू मारती?" त्यानं तिला केसांना धरून उंबऱ्यावर आपटलं. ओठ फाटला. जबडा दाबून त्यानं गोळ्या कोंबल्या आणि वरून कढत चहा ओतला.

"आत्याबाई, सांगा की ह्यांना!" ज्योत्स्ना रक्त थुंकत ओरडली.

ती रोज गोळी गिळते हे साखराबाईनं डोळ्यांनी बघितलं होतं. तरी ती चुलीपुढनं उठली नाही.

पुढच्या तपासणीला तीच सुनेला घेऊन गेली. सिस्टरनं ओठाचं विचारलं. "पडली," साखराबाई म्हणाली.

"आणि गोळी कशासोबत घेते?"

"चहासंगं. मीच देते."

"अहो मावशी, चहामुळं लोह पोटातच अडकतं, रक्तात नीट उतरत नाही. लिंबूपाण्यासोबत द्यायची. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. पण आता दिवस भरत आलेत, गोळीवर भागायचं नाही. सलाईनमधून देऊ, ते थेट रक्तात जातं."

साखराबाईनं सुनेला बाकावर बसवलं. मग एकटीच पुन्हा सिस्टरकडं गेली. "बाई, ती पडली न्हाई. माझ्या लेकानं मारलंय तिला."

सलाईन लावून दोघी घरी आल्या तर उत्तरेश्वर दारात उभा. सिस्टरनं त्याला फोनवरून दम दिला होता. "कावून गं, दवाखान्यात माझी अब्रू काढली?" त्यानं पट्टा उपसून ज्योत्स्नाच्या पाठीवर ओढला. दुसऱ्यांदा हात वर गेला, तेव्हा साखराबाईनं धुण्याचं धोपाटणं त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो शिव्या देत अंगावर आला. तिनं गुडघ्यावर हाणलं.

"चहा मी पाजला, सिस्टरला मीच सांगितलं, मला मार!" ती ओरडली. "तिला हात लावला तर डोस्कंच फोडीन!"

शेजारी धावले. त्याच संध्याकाळी ज्योत्स्ना माहेरी, पालीला गेली. उरलेली सलाईनं तिनं तिकडूनच घेतली. रक्त वाढलं, मुलगी झाली. ती परत आली नाही.

उत्तरेश्वर आईशी बोलत नाही. साखराबाई अधूनमधून पालीला जाते. ज्योत्स्ना लेकरू तिच्या मांडीवर देते, पण बोलत नाही. साखराबाईही तिला बोल म्हणत नाही.