मोटारीतली उजवी जागा

फाल्गुनातल्या सकाळी अंगणात उभ्या असलेल्या मोटारीला एक वास सुटायचा. उन्हानं तापलेल्या कातडी गाद्यांचा, पेट्रोलचा, अण्णांच्या औषधांच्या पेटीतल्या कार्बोलिकचा, मागच्या सीटखाली कधीतरी सांडलेल्या काकवीचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी कॅनव्हासच्या टपात वर्षानुवर्षं मुरलेल्या धुळीचा. गल्लीच्या टोकाच्या आंब्याचा मोहोर त्यात मिसळला की मी फडकं हातात धरून नुसतीच उभी राहायची. तो वास माझा आहे असं मी खुशाल धरून चालले होते. वासावर कसली मालकी सांगतेस बाई, असं कुणी म्हणेल, म्हणू दे. लढाईची ती सगळी वर्षं त्या गाद्या मी पुसल्या होत्या, पितळी दिवे चिंचेनं मी घासले होते, आणि थंडीच्या दिवसांत हँडल मारमारून माझ्या तळहातांना घट्टे पडले होते.

मोटार विलायती होती आणि जवळजवळ माझ्याच वयाची. लांब नाकाची, तारांच्या आऱ्यांच्या चाकांची, दाराखाली लाकडी पायरी आणि दाराबाहेर रबरी फुग्याचा भोंगा असलेली. ती चालवायची म्हणजे तिची मर्जी सांभाळायची. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, मध्ये क्षणभर थांबायचं, आणि आतली दातेरी चाकं राजी झाली की मगच दांडा सरकवायचा. घाई केली की ती अशी करकरायची की अख्ख्या पेठेला कळावं, डॉक्टरांच्या मोटारीचं आणि चालवणाऱ्याचं आज काही जमत नाही. लढाई संपल्यावर सांगलीत गोलमटोल, चकचकीत, चहूबाजूंनी बंद मोटारी दिसू लागल्या आणि लोक त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभे राहू लागले. मला त्यांचं कधी कौतुक वाटलं नाही. त्यांच्यात बसलेला माणूस घरात बसल्यासारखा दिसायचा. आमच्या मोटारीत बसलं की माणूस रस्त्यावर असायचा. शाळूच्या रानातली गार झुळूक गालाला लागायची, गुऱ्हाळाचा धूर नाकात शिरायचा, आणि चाकाखाली खडी आहे की मुरूम हे तळपायांना आधी कळायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, डॉक्टर. माणसाच्या शरीरातली प्रत्येक नळी त्यांना ठाऊक, पण स्टिअरिंग हातात आलं की त्यांना घाम फुटायचा. दादा, माझा थोरला भाऊ, लढाईवर गेला आणि मागोमाग आमचा ड्रायव्हरही भरती झाला. जाण्यापूर्वी ड्रायव्हरनं कृष्णाकाठच्या मोकळ्या रानात मला मोटार शिकवली, कारण घरात दुसरं कुणी शिकण्याजोगं नव्हतंच. आईनं कपाळाला हात लावला. अण्णांनी मात्र औषधांची पेटी उचलली, मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चल पद्मे, तासगावला जायचंय." बस्स. त्या एका वाक्यानं माझा जन्म बदलला. रस्त्याकडेच्या बाया डोक्यावरचे भारे सावरत थांबायच्या आणि म्हणायच्या, "अगं बया, डाक्टरची लेक मोटार हाकतीया बग!" मी वरवर ऐकलं न ऐकल्यासारखं करायची आणि पुढच्या वळणावर उगाच एकदा भोंगा दाबायची.

आम्ही जैन. अण्णा सूर्यास्तानंतर अन्नाचा कण तर राहोच, पाण्याचा थेंबही घेत नसत. त्यामुळं दुरून परतताना आमची रोजच सूर्याशी शर्यत असायची. ऊन तिरपं होत होत सोनेरी व्हायचं, कडब्याच्या गंजींच्या सावल्या रस्त्यावर लांबट पडायच्या, आणि मागून अण्णांचा आवाज यायचा, "पद्मे, जरा दाब की गं." मग मी दाबायची. दिवेलागणीच्या आत अंगणात शिरलं की आई स्वैपाकघरातून ताट वाढून आणायची आणि अण्णा माझ्याकडं बघून नुसते हसायचे. त्या हसण्यासाठी मी कुठल्याही खडीवरून मोटार नेली असती.

याच काळात दादाची पत्रं यायची, आणि खरं सांगते, पत्र वाचून झालं की माझ्या पोटात दुखायचं. तो तिकडं लष्कराच्या ट्रकांवर होता, आधी मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये, मग इटलीत. आई पत्रातली खुशाली वाचून डोळे पुसायची. मी मात्र त्यातले रस्ते वाचायची. डांबरी, काळेभोर, दोन्ही बाजूंना उंच झाडांच्या रांगा. डोंगरातून उतरताना एकीकडं दरी आणि दरीच्या तळाशी निळा समुद्र. मी इकडं मिरजेच्या रस्त्यावर म्हशींच्या कळपामागं तोंडात धूळ घेत उभी, आणि हा पठ्ठ्या समुद्राच्या कडेनं मोटारी पळवतोय. लढाईत माणसं मरतात हे मला कळत होतं. तरीसुद्धा हेवा वाटायचा.

दादा परत आला तेव्हा आईनं त्याला ओवाळलं, गल्ली लोटली, पेढे वाटले गेले. मीही रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण आठवडा उलटला नसेल, एका सकाळी मी फडकं घेऊन बाहेर येते तो अण्णांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्यादेखत दादाच्या हातावर ठेवली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यात त्यांना बघण्यासारखं काही वाटलंच नसावं. पाहुण्यांसाठी काढलेली जादा गादी पाहुणे गेल्यावर माळ्यावर टाकतात तशी मला त्या जागेवरून उचललं. आई म्हणाली, "सुटलीस गं बाई एकदाची. आता स्थळं बघायची तर चार लोकांत सांगायला बरं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुटले? मला कुणी बांधलं होतं?

त्या दिवसापासून मी डावीकडच्या सीटवर, मांडीवर औषधांची पेटी घेऊन. दादानं वाईट चालवली असती तर मला सुख लागलं असतं, पण तो चालवायचा छान. त्याच्या हातात गिअर कधी करकरला नाही, आणि हेच माझं खरं दुखणं होतं. मोटारही मेली त्याच्यापुढं एकदम गुणाची झाली. माझ्यापुढं चार हँडल मागणारी ती त्याच्या पहिल्या हिसक्याला गुरगुरायला लागायची. चालवता चालवता तो तिकडच्या गमती सांगायचा. तिकडं सगळी वाहतूक उजव्या अंगानं चालते. तिथले गाडीवाले वळणावर वेग कमी करायचा सोडून जास्तच करतात आणि चाक सोडून दोन्ही हातांनी भांडतात. लष्कराचे ट्रक मात्र ठरलेलं अंतर राखून, मुंग्यांच्या रांगेसारखे. अण्णा मागून हसायचे. मला वाटायचं, तुझ्या इटलीत बैल असतात का रे? गाडीवान खुशाल झोपलेला आणि बैल आपल्या मनानं घरी निघालेले, अशा वेळी भोंगा वाजवायचा नसतो, हळूच "ओ मामा" म्हणायचं असतं, हे सांग बघू कुठल्या साहेबानं शिकवलं तुला? पण हे मी मनातच म्हणायची.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. गावात, बाजारात, समोरून गाड्या येत असल्या की दादा शहाण्यासारखा डावीकडून जायचा. रस्ता मोकळा झाला, बोलणं थांबलं, वारा कानांवरून वाहायला लागला, की मोटार हलके हलके उजवीकडं सरकायची. जणू त्याचं मन इथल्या माळावर आणि हात अजून तिकडंच. मी म्हणायची, "दादा, डावीकडं." तो दचकून हसायचा आणि मोटार जागेवर आणायचा. ते "डावीकडं" म्हणायला मला फार बरं वाटायचं. दिवसातून जितक्या वेळा मिळेल तितक्या वेळा हवं असायचं.

त्या दिवशी आम्ही म्हसवडहून परतत होतो. तिथले एक घोंगड्यांचे व्यापारी अण्णांचे जुने स्नेही, त्यांना बघायला सकाळीच गेलो होतो आणि निघायला उशीर झाला. माणदेशातला तो माळ फाल्गुनात अगदी निर्मनुष्य होतो. मैलच्या मैल पिवळं गवत, मध्येच पेटल्यासारखा एखादा पळस, दूर मेंढरांच्या कळपानं उठवलेली धूळ, आणि त्या धुळीतून गाळून येणारा मऊ, तांबूस उजेड. अण्णा मागं डुलकी घेत होते. दादा सूर्याकडं बघून वेग वाढवत होता, आणि मी पाहत होते की मोटार पुन्हा उजवीकडं झुकते आहे. "दादा, डावीकडं," मी म्हटलं. तो हसला नाही. त्यानं मोटार रस्त्याच्या मधोमध आणली आणि आम्ही एका चढावर आलो.

चढाच्या माथ्यावर, समोरच, कडब्यानं भरलेली बैलगाडी. तीही रस्त्याच्या मधोमध, गाडीवान पेंगत असलेला. तो जागा झाला आणि त्यानं बैल आपल्या डाव्या अंगाला ओढले, जसं आपल्याकडं कुणीही ओढील. त्याची डावी म्हणजे आमची उजवी. दादानंही डावीकडं घेतलं असतं तर दोघं एकमेकांना घासून सुखरूप गेलो असतो. पण जिवावर बेतल्यावर माणूस विचार करत नाही, हात करतात. आणि दादाच्या हातांनी मोटार उजवीकडं फेकली, थेट त्या बैलांच्या अंगावर.

तेवढ्यात मागून अण्णा ओरडले. झोपेतून, डोळे पुरते उघडायच्या आत.

"पद्मे, ब्रेक!"

माझा पाय समोरच्या लाकडी फळीवर असा आपटला की गुडघ्यापर्यंत कळ गेली. ब्रेक अर्थात दादानं दाबला. मोटार किंचाळत गेली, पुढचं चाक कडेच्या चरीत उतरलं, औषधांची पेटी माझ्या मांडीवरून उडाली, आणि सगळं थांबलं तेव्हा बैलाचं नाक आमच्या पितळी दिव्याला टेकलं होतं. कडब्याच्या चार पेंढ्या बॉनेटवर येऊन पडल्या.

गाडीवान खाली उतरला. त्यानं आधी बैलांच्या मानेवरून हात फिरवला, मग दादाकडं बघितलं. "आवं सायेब, म्या माज्या अंगाला वळलो, तर तुमी बी तिकडंच? ही कंच्या मुलकाची रीत म्हनायची?" मग मागं अण्णा दिसले तसा तो नरमला. "डाक्टरसायेब हाईत व्हय? कुनाला लागलं न्हाई न्हवं?" कुणाला लागलं नव्हतं. त्यानं आणि दादानं खांदा लावून चाक वर काढलं. दादा घामानं निथळत होता. तो कुणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाला, "तिकडं उजवीकडं वळलं तरच माणूस वाचायचा. ज्यांचे हात वळले नाहीत ते राहिले तिकडंच."

गाडी पुढं निघून गेली. दादा मोटारीला वळसा घालून आला, त्यानं माझ्या बाजूचं दार उघडलं आणि नुसता उभा राहिला. मी उतरले, जाऊन उजवीकडं बसले. स्टिअरिंग त्याच्या हातांनी ओलं होतं. इतके दिवस मी हीच वेळ मनात घोळवली होती. कधीतरी तो चुकेल आणि ही जागा मला परत मिळेल, मग मी कशी मान ताठ करून बसेन, हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. आणि आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पोटातून झाला. गिअर टाकताना थोडा करकरला, तेसुद्धा गोड वाटलं.

सूर्य माळाच्या कडेला टेकला आणि बुडाला. घर अजून कितीतरी दूर होतं. अण्णा म्हणाले, "असू दे, आज उपास," आणि पुन्हा मान टाकून झोपी गेले. गवताचा पिवळा रंग विझत विझत राखाडी झाला, गार वारा सुटला, कुठूनतरी धनगराच्या पालावरच्या भाकरीचा खरपूस वास आला आणि मागं पडला.

बऱ्याच वेळानं दादा बोलला. समोर बघत, अगदी हळू.

"अण्णांनी तुला हाक मारली."

मी म्हटलं, "सवयीनं रे. झोपेत होते ते."

"तेच म्हणतोय की मी."

मग तोच पुढं म्हणाला, "तिकडं रात्री दचकून उठलो की मी अण्णांना हाक मारायचो. तंबूतली पोरं हसायची मला."

मी त्याच्याकडं पाहिलं. तोंड फिरवून तो बाहेरच्या अंधाराकडं बघत होता, पण जबडा दाबून धरलेला मला दिसला. ते दाबून धरणं मला पाठ होतं. किल्ली त्याच्या हातावर पडली त्या सकाळपासून मी रोज तसंच धरत आले होते. मी त्याच्या रस्त्यांवर जळले, त्याच्या समुद्रावर जळले, त्याच्या न करकरणाऱ्या गिअरवर जळले. आणि माझ्याजवळ काही जळण्यासारखं असेल, आणि ते बघून समुद्र पाहून आलेला माणूस असा दात दाबून बसेल, हे माझ्या गावीही नव्हतं.

मी मोटार डाव्या अंगानं, जपून नेत राहिले. एकदा मनात आलं, थांबावं आणि म्हणावं, घे दादा, चालव तू, मी सांगत जाते डावीकडं. तेवढं मी केलं असतं. जागा देता येते, किल्ली देता येते, अख्खी मोटारसुद्धा देऊन टाकता आली असती.

हाक कशी द्यायची?