शोकेसची काच

शेजारची चार वर्षांची ईरा आज आमच्याकडे आली आणि थेट शोकेससमोर जाऊन उभी राहिली. नाक काचेला टेकलेलं. तिच्या श्वासाने काचेवर धुकं जमत होतं, विरत होतं. आत एक बाहुली उभी आहे, माझ्या मेहुण्याने दुबईहून आणलेली. आडवी केली की ती डोळे मिटते.

ती माझ्या लेकीची, नंदाची. खरं तर तिची कधी झालीच नाही. महागाची वस्तू म्हणून मी कुलपात ठेवली. पाहुणे आले की काढायची, डोळे मिटून दाखवायची, परत ठेवायची. नंदा हट्ट करत नसे. काचेबाहेर बसून बाहुलीला वरणभात भरवायची. काचेला शितं चिकटायची आणि दर रविवारी मी ती ओल्या फडक्याने पुसायचो.

"बाबा, मोठी झाले की देशील?"

"देईन की."

सहाव्या वर्षी ती तापाने गेली. त्याला वीस वर्षं झाली. लोक म्हणतात, लेकीची आठवण किती जपलीत. मी जपली ती बाहुली, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

"काका, ही नवीन आहे?" ईराने विचारलं.

"नवीनच आहे."

"मग खेळू?"

किल्ली समोरच्या खुंटीवर होती. तरी तोंडून निघालं, "नको गं, खराब होईल."

ईरा मागे सरली. काचेवर तिच्या नाकाचा एवढासा डाग राहिला. मी आपसूक फडकं उचललं. बायको स्वयंपाकघरातून आली आणि तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं.